बरणीतलं मीठ

मृदुलाताईने गव्हाच्या पिठाच्या डब्यावर पेनाने रेघ मारली, तेव्हा मी तिच्या पाठीमागेच उभी होते. डबा प्लास्टिकचा, आरपार दिसणारा. पीठ जिथवर होतं तिथे तिने निळी रेघ ओढली, खाली बारीक अक्षरात तारीख घातली आणि वळून माझ्याकडे बघून हसली.

"राग मानू नका हं, रत्नामावशी. आईच्या पोळ्यांना किती पीठ लागतं, तेवढंच बघायचंय."

"राग कशाला मानू? मारा की. बेसनाच्या डब्यावर बी मारा."

तिने खरंच मारली. बेसन, तांदळाचं पीठ, साबुदाणा, साखर. दर शनिवारी पुण्याहून यायची ती आता आई-वडिलांना भेटायला नाही, डबे मोजायला येते असं मला वाटायला लागलं होतं.

साताऱ्यात निरगुडकरांच्या घरी मी तेव्हा अठरा वर्षं स्वयंपाक करत होते. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, कुमुदवहिनी घर सांभाळणाऱ्या आणि ही एकुलती एक लेक. त्या गल्लीत माझी आणखी तीन घरं होती, तीनही वहिनींच्या शब्दावर मिळालेली. निरगुडकरांनी 'रत्नावर भरवसा ठेवू नका' एवढं म्हटलं असतं, तर संध्याकाळपर्यंत ती तीन दारंही बंद झाली असती. त्या रेघा म्हणजे पेनाच्या रेघा नव्हत्या माझ्यासाठी. 

हे सगळं सुरू झालं अण्णांच्या रक्तातल्या साखरेवरून. साखर वाढली म्हणून ताईने फोनवर सल्ला देणारा कुणी आहारवाला गाठला. त्याने पोळी, भाकरी, भात, बटाटा, फळं सगळं एका फटक्यात बंद केलं. पालेभाज्या, पनीर, दाणे, तूप यांवर राहायचं. अंडी तर त्या घरात पहिल्यांदाच आली, तीही मागच्या दाराने, आणि वहिनींनी ती उकडायला वेगळं पातेलं काढून दिलं. दीड महिन्यात अण्णा सहा किलो उतरले. साखरही उतरली. पण माणूस गळाला. सकाळी गच्चीवर जाऊन कुंड्यांना पाणी घालणारे अण्णा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायला लागले.

आहारवाल्याकडे त्याचंही उत्तर तयार होतं. पिष्टमय खाणं सुटलं की अंगातलं पाणी जातं, पाण्याबरोबर क्षार जातात, म्हणून थकवा येतो आणि पायात गोळे येतात. तेव्हा जेवणात मीठ भरपूर घाला आणि खनिजांची एक पावडर सकाळी पाण्यातून द्या. पावडर कुरिअरने आली. काळा डबा, वर दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र. अण्णांनी तो डबा हातात घेऊन बघितला होता.

"रत्ना, हे प्यायल्यावर मी असा दिसणार म्हणे."

"दिसा की, अण्णा. पण मग सदरे नवे शिवायला लागतील."

हसले होते तेव्हा. पंधरा दिवसांत थकवा जाईल असं आहारवाला म्हणाला होता. सहावा आठवडा लागला तरी गेला नाही, उलट वाढला. मग त्याने निदान केलं की पेशंटच्या पोटात चोरून पिष्टमय काहीतरी जातंय, त्यामुळे शरीर धड इकडे नाही, धड तिकडे नाही.

चोरून म्हणजे कोण? स्वयंपाकवाली. दुसरं कोण असणार!

आता माझं मन अगदी निर्मळ होतं असंही नाही. पहिल्या आठवड्यात मी ताकाच्या कढीला चमचाभर बेसन लावलं होतं. बेसनाशिवाय कढी फुटते आणि फुटलेली कढी मी जन्मात कुणाला वाढलेली नाही. ताईने ते ओळखलं. तेव्हापासून तिच्या नजरेतून मी उतरले ती उतरलेच. कचऱ्याचा डबासुद्धा ती उघडून बघायची.

पण संशय काय एकट्या तिलाच घेता येतो? माझा संशय त्या काळ्या डब्यावर होता. वास घेऊन बघितला, लिंबाच्या गोळीसारखा. कुठल्या लांबच्या गावाहून आलेलं पांढरं भुकटं चालतं, आणि अठरा वर्षं भरवणाऱ्या बाईच्या पिठावर रेघा! मी मनातल्या मनात त्या आहारवाल्याला रोज शिव्या घालत होते. एका मंगळवारपर्यंत.

त्या मंगळवारी मी नेहमीपेक्षा वीस मिनिटं लवकर गेले. मागचं दार उघडंच होतं. वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि मिठाच्या बरणीत पुड्यातून काहीतरी ओतत होत्या. माझी चाहूल लागली तशा दचकल्या. पुडा चटकन पदराखाली गेला.

"काय करताय, वहिनी?"

"काही नाही गं. मीठ भरत होते."

"सांगायचं न्हाई व्हय? मी भरलं असतं की."

"म्हटलं, तुझी घाई असते." असं म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या, आणि मला कपाटाचं दार लागल्याचा आवाज आला.

अठरा वर्षांत त्या घरातली एकही बरणी वहिनींनी भरलेली मी बघितली नव्हती. आणि मिठाचा रिकामा पुडा कुणी कपाटात ठेवतं का?

मी बरणीत डोकावले. पांढरं, बारीक, मिठासारखंच. चिमूटभर जिभेवर ठेवलं असतं तर तिथल्या तिथे उलगडा झाला असता. पण त्या घरात रोज पावणेबाराला देवाला नैवेद्य. नैवेद्य दाखवेपर्यंत ओट्यावरच्या कशाचीही चव घ्यायची नाही, अन्न उष्टं होतं. पहिल्या दिवशी वहिनींनी मला एवढी एकच गोष्ट निक्षून सांगितली होती. मी सगळं अंदाजाने करायची, आणि नैवेद्य होऊन ती दोघं पानावर बसेपर्यंत मी पुढच्या घरी पोचलेली असायची. चव न घेता मीठ नेमकं पडतं, याचा मला फार ताठा होता. गल्लीभर सांगत सुटायची मी.

म्हणूनच महिन्यापूर्वी अण्णा जे बोलले होते ते मला लागलं होतं.

"रत्ना, हात आखडलास का गं? काल दोडक्याला चवच नव्हती. अळणी."

स्वयंपाकवालीला यापेक्षा वाईट शिवी नाही. दुसऱ्या दिवशी मी एका चमच्याच्या जागी दोन घातले. चार दिवसांनी परत विचारलं.

"बरं आहे आता. पण मिठात काही दम नाही बघ."

मग मी तीन घालायला लागले. भाजीत तीन, पालकाच्या कढणात तीन. मीठ भरपूर घाला असं तो आहारवालाच म्हणाला होता, तेव्हा विचारायचं कुणाला आणि कशाला? मी कुणालाच सांगितलं नाही. वहिनींनाही नाही. माझ्या हाताचा अंदाज चुकला हे कबूल करायची माझी तयारी नव्हती.

पण त्या मंगळवारी बरणी बघितल्यावर माझ्या डोक्यात भलतंच चक्र फिरायला लागलं. आठवडाभर आधी मी भांडी लावत असताना बाहेरच्या खोलीत दोघांची जुंपलेली ऐकली होती. अण्णांना घर विकून पुण्याला लेकीजवळ जायचं होतं.

"मी जिवंत असेपर्यंत हे घर विकायचं नाही," वहिनी म्हणाल्या होत्या.

"मग मी मरेपर्यंत वाट बघ. नंतर तुझंच आहे," अण्णा म्हणाले होते.

नवरा-बायकोत असलं बोलणं होतच असतं. माझ्या घरात तर आठवड्यातून दोनदा व्हायचं. पण आता ते शब्द मला निराळे ऐकू यायला लागले. अण्णा दिवसेंदिवस खचत होते. वहिनी बरणीत लपून काहीतरी ओतत होत्या. आणि जेवताना अण्णांची भाजी वेगळी, कढण वेगळं. वहिनी त्यातलं चमचाभर घेतल्यासारखं करतात आणि पोळी लोणच्याशी खातात, असं अण्णाच एकदा म्हणाले होते. मी भाजी परतत होते आणि नजर सारखी बरणीकडे जात होती. घालू का हे मीठ? न घालावं तर अळणी म्हणून ओरडा. कुणाला सांगावं तर कोण ऐकणार? मी तर पिठाची चोर!

शेवटी घातलं. रोजच्यासारखे तीन चमचे. तेव्हा न घालण्याची हिंमत का झाली नाही, हे मी स्वतःला अजून विचारते.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, साडेअकराला अण्णा ओट्यापाशी पाणी मागायला आले आणि माझ्या डोळ्यांदेखत भिंतीला टेकून खाली घसरले. शुद्ध होती, पण पाय उचलेनात.

"रत्ना, पाय माझे नाहीतच गं," ते म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता.

रिक्षा करून आम्ही दोघींनी त्यांना दवाखान्यात नेलं. नाडी मंद झालेली. डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला, रक्त घेतलं आणि तडक आत, अतिदक्षतेत नेलं. तास-दीड तासाने बाहेर येऊन म्हणाले, "रक्तातलं पोटॅशियम फार वाढलंय. हृदयाला धोका आहे, आम्ही ते उतरवायला घेतलंय. पण पोटात काय काय जातंय ते मला सगळं कळायला हवं. औषधांची फाइल आणा, ती पावडरही आणा."

वहिनींनी मला किल्ली दिली. "फाइल टेबलावर आहे. पळ."

मी फाइल घेतली, काळा डबा घेतला आणि मग वहिनींच्या खोलीत जाऊन कपाट उघडलं. दुसऱ्याच्या कपाटाला मी आयुष्यात कधी हात लावला नव्हता. साड्यांच्या चळतीखाली अर्धा किलोचे तीन रिकामे पुडे घडी घालून ठेवलेले होते, आणि एक अर्धा भरलेला. तिथून मी स्वयंपाकघरात गेले, बरणी उघडली आणि चिमूट जिभेवर ठेवली. खारट होतं, पण मागून कडवट, पत्रा चाटल्यासारखं. नैवेद्याचं ताट देवाला दाखवायचं तसंच राहिलेलं होतं.

मी पुडे पिशवीत कोंबले. रस्ताभर एकच वाटत होतं, सापडली. अठरा वर्षं जिला मी देवमाणूस समजत होते ती सापडली. आणि खरं सांगायचं तर, अण्णांच्या काळजीच्या जोडीला आत कुठेतरी बरंही वाटत होतं. आता माझ्या डब्यांवर कुणी रेघा मारणार नव्हतं.

वहिनींनी रिक्षातूनच फोन केला होता, त्यामुळे मी परत पोचले तोवर मृदुलाताई पुण्याहून गाडी मारत आली होती. डॉक्टर तिच्याशी बोलत होते. पावडरीचा डबा उलटा करून त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचली.

"यात आहे, पण एवढं नाही. दुसरं काहीतरी आहे."

ताई गर्रकन माझ्याकडे वळली. "मावशी, तुम्ही काय घालत होतात बाबांच्या जेवणात?"

मी त्याचीच वाट बघत होते. पुडे काढून बाकड्यावर आपटले.

"मला काय विचारता? तुमच्या आईला विचारा. कपाटात साड्यांखाली लपवलं होतं हे. माझ्या माघारी बरणीत वतत होत्या. काल मी ह्या डोळ्यांनी बघितलंय!"

वहिनी बाकड्याच्या टोकाला बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. ओळखीच्या माणसाने रस्त्यात ओळख न दाखवल्यावर आपण बघतो तसं.

"आई?" ताई म्हणाली.

"बीपीवाल्यांसाठी चांगलं असतं म्हणून दुकानदार म्हणाला," वहिनी हळू आवाजात बोलायला लागल्या. "तुझा तो फोनवरचा माणूस सारखा मीठ वाढवा, मीठ वाढवा म्हणायचा. मला यांच्या बीपीची धास्ती. पण तू रागावली असतीस. म्हटलं, मीठच बदलावं, म्हणजे त्याचंही राहील आणि यांचं बीपीही सांभाळलं जाईल. रत्नाला सांगितलं तर ती भाबडेपणाने तुझ्यापाशी बोलेल, म्हणून तिलाही नाही सांगितलं."

डॉक्टरांनी पुडा उजेडात धरला. "हे कमी सोडियमचं मीठ. सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. पुष्कळांना चालतं. पण यांची मूत्रपिंडं वयाने थोडी मंद आहेत, बीपीची जी गोळी चालू आहे ती पोटॅशियम अंगातच धरून ठेवते, आणि वर ही पावडर. तरीसुद्धा..." त्यांनी पुडे मोजले. "हे केव्हापासून?"

"अडीच महिने होतील," वहिनी म्हणाल्या. "पहिला पुडा महिन्याच्या वर पुरला. नंतरचे पंधरा-पंधरा दिवसांत संपले."

"म्हणजे मध्येच दुपटीच्या वर गेलं. हे वाढवलं कुणी?"

 मला दोडका आठवला. दोन चमचे, मग तीन. वहिनींच्या मापाने ते मीठ गेलं असतं तर कदाचित काही झालंही नसतं. ते अंगावर आलं माझ्या हाताने.  ताईची नजर माझ्यावर होती. तीन घरांची दारं मला डोळ्यांपुढे दिसत होती.

वहिनींनी माझ्याकडे एकदाच बघितलं. पुडे लवकर का संपत होते, हे त्यांना त्या क्षणाला कळलं. मला ते त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं.

"मीच सांगितलं तिला," वहिनी म्हणाल्या. "यांना अळणी लागत होतं. म्हटलं, हात सोडून घाल. ती बिचारी सांगितलं तेवढं करते."

डॉक्टरांनी मला विचारलं, "रोज किती घालत होतात?"

"भाजीत तीन चमचे. कढणात तीन," मी म्हणाले. आज्ञेतल्या बाईसारखी.

ताई आईपुढे जाऊन उभी राहिली. "तू बाबांना मारलं असतंस. कळतंय तुला?"

वहिनींनी मान हलवली. मी रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिले.

अण्णा वाचले. पाच दिवसांनी घरी आले. ती पावडर बंद झाली, आहारवालाही बंद झाला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अर्धी भाकरी आणि साधं मीठ, बेताने, असं लिहून दिलं. पंधरा दिवसांत अण्णा पुन्हा गच्चीवर गेले.

त्याच आठवड्यात एकदा आम्ही दोघीच असताना मी वहिनींना विचारलं, "वहिनी, असं का वो म्हणालात? मी तुमच्यावर एवढा आळ घेतला, आणि तुम्ही..."

"तुला दुसऱ्या दिवशी काढलं असतं तिने. मी तिची आई आहे, मला काय करणार? चार दिवस बोलेल आणि गप्प बसेल."

"मी सांगते तिला. शनिवारी आली की सांगते."

"नको. राहू दे आता."

आणि मी राहू दिलं. एवढ्या लगेच राहू दिलं, की वहिनींच्याही ते लक्षात आलं असेल.

ताई चार दिवसांत गप्प बसली नाही. तिने आईला स्वयंपाकघर बंद केलं. बंद म्हणजे खरंच बंद. "आई, तू आत जायचं नाहीस. मावशी बघतील." डब्यांवरच्या रेघा तिने स्वतःच्या हाताने पुसून काढल्या आणि सामानाच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. रोज संध्याकाळी फोन यायचा, "मावशी, मीठ तुम्हीच आणता ना? आई मध्येमध्ये करत नाही ना?" मी म्हणायची, "न्हाई ताई, त्या बाहेर बसल्यात." वहिनी दाराबाहेर खुर्ची टाकून बसायच्या. नैवेद्याचं ताटही मीच भरून त्यांच्या हातात द्यायची. त्या मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

अशी सात वर्षं गेली. गेल्या माघात वहिनी दोन दिवसांच्या तापाने गेल्या. तेराव्याला सगळे पांगल्यावर मृदुलाताईने मला आतल्या खोलीत बोलावलं आणि एक साडी माझ्या हातात ठेवली. चांगली, काठापदराची.

"मावशी, तुम्ही होतात म्हणून बाबा आज आहेत. आईचं काय... तिने तेव्हा जे केलं ते मी मनातून कधीच काढू शकले नाही. शेवटपर्यंत नाही."

मी साडीकडे बघत होते. त्या दिवशी दवाखान्यात माझ्यासाठी वहिनी बोलल्या होत्या. पण आता माझ्याऐवजी बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

"ताई, मीठ मी वाढवलं होतं," मी म्हणाले. "वहिनींनी मला काहीएक सांगितलं नव्हतं. अण्णा अळणी म्हणाले, माझ्या हाताला कमीपणा नको म्हणून मी आपल्या मनाने एकाचे तीन केले. दवाखान्यात त्या खोटं बोलल्या. माझं काम जाऊ नये म्हणून."

 ताई रडली नाही, ओरडली नाही. मग म्हणाली, "गेल्या दिवाळीला तिने मला विचारलं होतं. म्हणाली, या वर्षी करंज्या मी करू का गं? एकदाच. मी म्हटलं, कशाला, मावशी करतील."

ती पलंगाच्या कडेला बसली.

मी साडी तिच्या मांडीवर परत ठेवली. तिने ती घेतली, आणि मला जा म्हणून मानेनेच सांगितलं.